गंधार स्टीलकडे, बाकीचं गिटारकडे

ॲम्बियंट संगीत करणं सोपं असतं असा एक समज आहे. ताल नाही, शब्द नाहीत. एक सूर लावायचा, त्यावर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, ओतायचा आणि चहा प्यायला निघून जायचं. आमचा अल्बम निघाला तेव्हा ऑफिसातल्या एकाने मला जवळजवळ हेच तोंडावर ऐकवलं. मी वाद घातला नाही. चाळीसेक मिनिटांचं संगीत, वाद्यं दोनच, पेडल स्टील (पायाच्या पेडलांनी सूर ओढायची आडवी गिटार) आणि इलेक्ट्रिक गिटार. ते उभं करण्यात हिवाळा गेला, उन्हाळाही बराचसा गेला, आणि त्यातला निम्मा वेळ तरी एका सुरापायी गेला. गंधारापायी, सारेगममधल्या ग पायी.

मी मूळची मिरजेची. अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला येऊन बरीच वर्षं झाली. नोकरी हॉस्पिटलांच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. या गावाला जग 'म्युझिक सिटी' म्हणतं, पण आपल्याकडच्या लोकांना इथे पगार बहुतेक करून आरोग्यक्षेत्रच देतं. गिटार कॉलेजपासूनची, हौसेची.

नॅशव्हिलमध्ये राहून पेडल स्टील कानावर न पडणं अवघडच. इथल्या ब्रॉडवे या रस्त्यावरच्या बारमध्ये भर दुपारपासून बँड वाजत असतात, एकाच इमारतीत मजल्यागणिक वेगळा. ज्या बँडच्या कडेला एखादा माणूस टेबलासारख्या दिसणाऱ्या वाद्यामागे खाली मान घालून बसलेला असतो, त्या बँडपाशी माझे पाय आपोआप थांबायचे. आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणून जे ओळखलं जायचं, व्हॅन शिपली, हजारा सिंग यांनी हिंदी सिनेमाच्या चाली ज्यावर वाजवल्या, त्याचंच हे पुढचं भावंड. दोघांचं मूळ हवाई बेटांवर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने गिटार आडवी मांडीवर घेऊन तारांवरून पोलादाचा तुकडा फिरवायला सुरुवात केली, असं तिथे मानलं जातं. अमेरिकेत त्या आडव्या गिटारला पाय आले, मग पेडल आले. 1954 मध्ये बड आयझॅक्स या वादकाने रेकॉर्डवर सूर लागलेला असतानाच पेडल दाबून तो ओढून दाखवला आणि सगळ्या स्टीलवाल्यांनी आपापल्या वाद्यांना पेडल जोडायला घेतले.

वाद्य कसं चालतं ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढची भानगड कळणार नाही. दहा तारा. उजव्या हातात अंगठ्याला प्लास्टिकची आणि दोन बोटांना धातूची नखी. डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत दांडा, त्याला बार म्हणतात. तो तारांवर नुसता टेकवून सरकवायचा. पट्टीवर पडद्यांच्या रेघा असतात, पण त्या नुसत्या रंगवलेल्या, नजरेच्या सोयीसाठी. डावं पाऊल तीन पेडलांवर, दोन्ही गुडघे खालून लोंबणाऱ्या लिव्हरांच्या मध्ये, उजवं पाऊल आवाज कमीजास्त करणाऱ्या व्हॉल्यूम पेडलवर. शरीराचा एकही अवयव मोकळा नाही. नेहमीच्या ई-नाइन्थ जुळवणीत पहिलं पेडल दाबलं की पंचमाचा धैवत होतो, दुसरं दाबलं की गंधाराचा मध्यम. दोन्ही एकदम दाबले की षड्ज जागच्या जागी राहतो आणि ग आणि प त्याच्या अंगावरून म आणि ध वर चढतात. कंट्री गाण्यात जो रडवेला, लडिवाळ आवाज ऐकू येतो तो हाच. मींडच ती, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, फक्त पायाने घेतलेली.

माझ्या जोडीदाराचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. मी मनातल्या मनात त्यांना बुवा म्हणते. वय सत्तरीच्या पुढचं, मूळचे केंटकीचे, उमेदीची वर्षं दौऱ्यांच्या बसमध्ये गेलेली. आता चर्चमध्ये आणि एका बारमध्ये शनिवारी वाजवतात. एका ओळखीच्या ड्रमरने गाठ घालून दिली. ॲम्बियंट हा शब्द त्यांना ठाऊक होता, पण त्याबद्दल मत बरं नव्हतं. मी त्यांना 1983 सालचं एक काम ऐकवलं. अपोलो मोहिमांवरच्या माहितीपटासाठी ब्रायन ईनो, त्याचा भाऊ रॉजर आणि डॅनियल लान्वा यांनी केलेलं संगीत, ज्यात लान्वाने पेडल स्टील वाजवलं आहे. मग सुझन अल्कॉर्न ऐकवली, टेक्सासच्या कंट्री बँडांत वाजवता वाजवता जी थेट मुक्त संगीताकडे गेली आणि 2025 मध्ये वारली. बुवांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हिचा हात स्वच्छ आहे. ये गुरुवारी."

त्यांच्या तळघरातच बैठका व्हायच्या. एका भिंतीला वॉशिंग मशीन, दुसऱ्या भिंतीला पंधरा इंची स्पीकरचा जुना पीव्ही ॲम्प. मी गिटार, लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस घेऊन जायची.

पहिल्या बैठकीतच गंधार आडवा आला. मी ई मेजर धरला, व्हॉल्यूम शून्यावरून हळूहळू वर आणला. बुवांनी त्याच कॉर्डवर बार टेकवला. दोघांचे षड्ज मिळाले, पंचम मिळाले, आणि मध्ये काहीतरी डुलायला लागलं. बँडमध्ये हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं, ड्रम आणि गाण्याच्या गर्दीत खपून गेलं असतं. पण आमच्याकडे गर्दीच नव्हती. एकेक सूर दहा-दहा, पंधरा-पंधरा सेकंद उभा. त्यात ते हेलकावे उघडे पडले.

बुवा म्हणाले, "तुझा थ्री चढा आहे."

नॅशव्हिलच्या स्टुडिओंत सुरांना आणि कॉर्डांना आकड्यांनी ओळखायची पद्धत आहे. वन, फोर, फाइव्ह. गाणं कोणत्याही पट्टीत असो, आकडे तेच राहतात. 1950च्या दशकाच्या अखेरीपासून इथले वादक असंच लिहून घेतात. सरगमवर वाढलेल्या माणसाला ही पद्धत दोन मिनिटांत उमगते. त्यांचा थ्री म्हणजे माझा गंधार. तेव्हापासून आमची सगळी बोलणी अशीच झाली, ते आकड्यात, मी मनात सारेगमत.

ट्यूनर म्हणत होता की माझा गंधार अगदी बरोबर आहे. ट्यूनरचं खरं होतं आणि बुवांचंही. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून ठोकलेले असतात. सप्तकाचे 1200 सेंट धरतात; त्या हिशेबाने गंधार षड्जापासून 400 सेंटवर येतो. कानाला जो गंधार षड्जात विरघळल्यासारखा वाटतो, 5:4 या प्रमाणाचा, तो 386 सेंटवर आहे. फरक चौदा सेंटचा. आकड्यात सांगायचं तर ई 329.63 हर्ट्झ धरला तर गिटारचा गंधार 415.30 वर बोलतो आणि शुद्ध गंधार 412.04 वर. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला तीनाहून थोडे जास्त हेलकावे. स्टीलवाले आपलं वाद्य कानाने जुळवतात, थ्री मुद्दाम उतरवून ठेवतात. कित्येक जण ई च्या तारा किंचित चढवून घेतात, म्हणजे गंधार उतरवूनही बँडच्या तुलनेत सगळं फार खाली बसत नाही. भर म्हणून पेडल दाबलं की वाद्याच्या लाकडी सांगाड्यावर ताण येतो आणि न ओढलेल्या ताराही दोन-चार सेंट उतरतात. बुवा ते बारच्या जरा कलण्याने सांभाळून घेतात. मी विचारलं, कसं? म्हणाले, "सांभाळायचं म्हणून सांभाळत नाही. कडू लागलं की हात हलतो."

मिरज-सांगलीच्या माणसाने हे ऐकून गप्प बसावं म्हणजे अवघडच. आमच्या घरी आईचा तानपुरा सतारमेकर गल्लीतला. खर्जाची तार नीट जुळली आणि जवारी, म्हणजे घोडीवर घासत निघणारा तारेचा झणकार, खुलली की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. कुणी छेडलेला नसताना. तो पाचव्या स्वरांशाचा, म्हणजे तारेच्या मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा गंधार, म्हणजे बरोबर तोच 386 वाला. याच श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांच्या, हिशेबापायी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी निवृत्तीनंतर तारांची मोजमापं केली, 1910 साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं, पुढे क्लेमेंट्स नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने तोच नाद लावून घेतला, बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवली गेली, आणि या प्रयोगांना गळा मिळाला अब्दुल करीम खाँसाहेबांचा. ज्या भांडणामुळे आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला दारात उभं केलं नाही, त्या भांडणाचं एक टोक टेनेसीतल्या एका तळघरात वॉशिंग मशीनशेजारी निघालं. मी बुवांना खाँसाहेबांची जुनी रेकॉर्ड ऐकवली. ते काही बोलले नाहीत, पण रेकॉर्डमधल्या तानपुऱ्याच्या साथीने स्टीलवर बार सरकवून पाहिला आणि तिथेच थ्री पुन्हा जुळवून घेतला.

उपाय बरेच करून पाहिले. गिटारची गंधाराची तार तेवढी उतरवली, तर ती एका कॉर्डपुरती गोड, पुढच्या कॉर्डमध्ये तीच तार पंचम व्हायची आणि बेसूर बोलायची. सॉफ्टवेअरमध्ये सूर सरकवून पाहिले. त्याने हेलकावे गेले आणि गिटारचा प्राणही गेला, सगळं धुतलेल्या प्लास्टिकसारखं वाटायला लागलं. काचेची स्लाइड घालून मीही सरकत वाजवलं, पण दोन सरकणारी वाद्यं एकमेकांना शोधत बसतात. शेवटी ज्यावर आलो ते इतकं साधं आहे की सांगताना संकोच वाटतो. गिटारने गंधार वाजवायचाच नाही.

मी गिटार डी-ए-डी-जी-ए-डी अशी जुळवली. ब्रिटनमधल्या लोकसंगीताच्या गिटारवाल्यांची ही आवडती जुळवणी आहे, तिच्यात गंधार नाहीच. सा, प, सा, म, प, सा. समान भागांच्या पंचमात शुद्ध पंचमापेक्षा दोनच सेंटचा फरक, तो कुणाला बाधत नाही. बुवा दहाव्या रेघेवर बार ठेवून डी पकडायचे, पाचव्या रेघेवर दोन पेडल दाबूनही डीच. मी षड्ज-पंचम धरून ठेवायचे, कधी रिषभ मिसळायचे. गोड की उदास, हे ठरवणारा सूर पूर्णपणे त्यांच्या ताब्यात. हे ठरल्यावर दोन वाद्यं एकमेकांपासून ओळखू येईनाशी झाली. पहिल्या तुकड्याचं कच्चं रेकॉर्डिंग ऐकताना ज्या स्वराला मी स्टील समजत होते तो माझ्या गिटारचा पंचम निघाला.

दुसरा प्रश्न आघाताचा. तार छेडली की जो 'टण्' होतो तो गिटारचा वेगळा आणि स्टीलचा वेगळा. बुवांचं उत्तर उजव्या पावलात होतं. व्हॉल्यूम पेडल बंद ठेवून तार छेडायची, आघात निघून गेला की पेडल उघडायचं, आणि सूर विझत जाईल तसतसं पाऊल आणखी दाबत न्यायचं, म्हणजे आवाज एकाच पातळीवर राहतो. त्यांचा घोटा किती सावकाश हलतो ते मी बाजूला जमिनीवर बसून पाहिलं आहे. बुटाचं टोक खाली जाताना दिसतच नाही. एकदम लक्षात येतं की ते मघापेक्षा खाली आहे. माझ्याकडे ईबो होता. मुठीएवढं, नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचं यंत्र, तारेला न शिवता चुंबकाने ती हलती ठेवतं. ग्रेग हीट या अमेरिकनाने ते शोधलं, 1976 पासून बाजारात आहे. त्यावर एका वेळी एकच तार बोलते, म्हणून माझा प्रत्येक थर वेगळा रेकॉर्ड करावा लागला. बुवांना ईबो आवडला नाही. "श्वास नाही घेत," म्हणाले. बरोबर होतं ते. म्हणून काही ठिकाणी मी ईबो बाजूला ठेवून गिटारच्या व्हॉल्यूमच्या बटणावर करंगळी ठेवून वाजवलं आहे. जिथे सूर शेवटी किंचित डगमगतो ती जागा ईबोची नाही.

हमबद्दलही दोन शब्द. दोघांच्याही वाद्यांत तारांचा आवाज पकडायला सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे एकेरी वेटोळ्याचं चुंबक, त्यामुळे घरातल्या विजेची घरघर रेकॉर्डिंगमध्ये यायचीच. रॉकमध्ये ती चालून जाते, इथे शांततेत नागडी ऐकू येते. अमेरिकेची वीज 60 हर्ट्झची. डी षड्ज धरला तर ही घरघर कोमल आणि शुद्ध धैवताच्या बरोबर मध्ये पडते, म्हणजे कुठल्याच कॉर्डला उपयोगाची नाही. मिरजेत असतो तर 50 हर्ट्झचा मध्यम मिळाला असता, थोडा चढा, पण निदान ओळखीचा. शेवटी बुवांचं वाद्य सीटसकट फिरवून वॉशिंग मशीनकडे तोंड करून ठेवलं तेव्हा घरघर सगळ्यात कमी झाली. उरलेली मी काढली नाही.

रिव्हर्बवर माझा राग आहे, म्हणून थोडं सविस्तर. ॲम्बियंट स्टीलच्या बऱ्याच रेकॉर्डिंगांत रिव्हर्बचा वापर झाकणासारखा केलेला असतो. बेसूर सूर झाका, थकलेला हात झाका. आम्हालाही लांब शेपटीचा रिव्हर्ब हवा होता, दहा-बारा सेकंदांचा. पण स्टीलमध्ये ग वरून म वर जाताना सगळी मींड त्या शेपटीत अडकते. कॉर्ड बदलून गेलेला असतो आणि मागे ग, म आणि त्या दोघांमधलं सगळं काही एकदम घुमत राहतं. ऐकायला धुकं छान वाटतं, पण गंधारासाठी केलेली सगळी खटपट त्या धुक्यात फुकट. म्हणून मिक्समध्ये, म्हणजे सगळे थर एकत्र बसवताना, मी प्रत्येक मींड शोधून काढली आणि ती चालू असेपर्यंत स्टीलचा रिव्हर्बकडे जाणारा रस्ता बंद ठेवला. सूर जाऊन बसला की मग उघडायचा. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडझापीच्या रेघा डोंगररांगांसारख्या दिसायच्या. रिव्हर्बच्या परतीच्या आवाजातून 250 ते 350 हर्ट्झच्या आसपासचा भाग कापला, तिथे दोन्ही वाद्यांचा चिखल साठतो. एवढंच. बाकी मिक्समध्ये सांगण्यासारखं फार नाही. स्टील थोडं डावीकडे, गिटार थोडी उजवीकडे, आणि मोनोमध्ये ऐकून खात्री.

तिसऱ्या तुकड्याचं मिक्स आईला पाठवलं. तिचा फोन आला. "गंधार काय सुंदर लागलाय गं. कोण आहेत ते?" मी सांगितलं. मग म्हणाली, "पण आलापच चाललाय अजून. बंदिश कधी येणार?" बुवांना हे सांगितल्यावर ते खूप हसले, आणि त्यांच्या बायकोचं म्हणणंही नेमकं हेच असल्याचं त्यांनी कबूल केलं.

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवण्याचं काम, करणाऱ्याला आधीच बजावलं होतं की आवाज फुगवायचा नाही. स्पॉटिफाय सगळी गाणी उणे 14 एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप) आसपास आणून वाजवतं, म्हणून लोक तिथपर्यंत दाबून भरतात. आम्ही बरंच खाली ठेवलं. इतक्या सावकाश येणाऱ्या सुरांना दाबलं तर व्हॉल्यूम पेडलवरचं पाऊल दिसेनासं होतं. बुवांचं सगळं काम तर त्या पावलातच आहे.

प्रकाशनात मात्र कंटाळवाणा भाग बराच निघाला. वितरकाचा फॉर्म प्रकार विचारतो. ॲम्बियंट लिहावं की कंट्री? बुवा म्हणाले कंट्री लिहू नकोस, लोक गाण्याची वाट बघत बसतील. स्ट्रीमिंगवर एक ऐकणं मोजलं जायला तीस सेकंद वाजावं लागतं, आणि आमच्या पहिल्या तुकड्यात तीस सेकंदांपर्यंत एकच पंचम आहे. शिवाय 2024 पासून वर्षात हजार वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला स्पॉटिफाय पैसेच देत नाही. त्यामुळे तिथून काही येईल असं धरलंच नव्हतं. बँडकँप या संगीत विकण्याच्या साइटवर विकत ठेवलं आणि थोड्या कॅसेट काढल्या. चाळीसेक मिनिटं दोन बाजूंना नेमकी वाटून बसतात. बुवांनी स्वतःच्या वाटणीच्या कॅसेट चर्चमधल्या लोकांना फुकट वाटून टाकल्या. एका बाईंनी येऊन विचारलं म्हणे, की ही तयारीची रेकॉर्ड आहे का, खरी कधी येणार.

आता पुढचं चाललं आहे. बुवांच्या स्टीलला दोन माना, म्हणजे तारांच्या दोन वेगळ्या पट्ट्या, आहेत. दुसरी सी-सिक्स्थ जुळवणीची, स्विंग आणि जॅझकडे झुकणारी, जिच्यात गंधाराबरोबर धैवतही कायम मुक्कामाला असतो. समान भागांचा धैवतही शुद्ध धैवतापेक्षा तेवढाच, सोळाएक सेंट, चढा. म्हणजे भांडण दुप्पट, आणि गंधाराबरोबर धैवतही गिटारमधून काढून टाकला तर माझ्याकडे सा, प आणि रे याशिवाय वाजवण्यासारखं फार काही उरणार नाही. बुवांच्या मते तेवढं पुरे आहे. मी मात्र सध्या पडदे काढलेली एखादी जुनी टेलिकास्टर गिटार मिळते का ते बघते आहे.